राहणार कोण?

घरातल्या कुणाला बरेच दिवस रुग्णालयात ठेवावे लागणार असे कळले की आपल्याकडे दोन प्रश्न पाठोपाठ येतात. खर्च किती येईल, आणि राहणार कोण? पहिल्या प्रश्नासाठी सरकारी योजना आहेत, विम्याचे कागद आहेत, वर्तमानपत्रांत छापून येणारी मदतीची आवाहने आहेत. दुसरा प्रश्न घरातल्या घरात सोडवला जातो. धाकटीला रजा मिळेल का, काकू गावाहून येतील का, रात्री कोण, दिवसा कोण. दीर्घ मुक्काम निभावायचा कसा यावर जे सल्ले वाचायला मिळतात त्यांत तर हा प्रश्न बहुधा नसतोच. मन खंबीर ठेवा, ध्यान करा, चांगली पुस्तके वाचा, असे ते सल्ले असतात आणि ते सगळे खाटेवर पडलेल्या माणसाला उद्देशून असतात. गेल्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांतला पुरावा एकत्र मांडून पाहिला तर चित्र वेगळे दिसते. माणूस लांबलचक मुक्कामातून किती धड बाहेर पडतो हे त्याच्या मनोधैर्यापेक्षा त्याचा दिवस कसा जातो यावर अधिक ठरते. किती हालचाल झाली, रात्री झोप लागली का, पोटात काय गेले, कोणी बोलले का, आज वार कोणता हे ठाऊक आहे का. आपल्याकडे या सगळ्याची काळजी वाहणारे माणूस खाटेशेजारच्या स्टुलावर बसलेले असते. रुग्णालयाच्या हिशेबात ते माणूस कुठेच नाही, आणि माझ्या मते दीर्घ मुक्कामाचा खरा प्रश्न तिथेच अडकला आहे.

सुरुवात खाटेपासून करावी लागते, कारण मूळ आजाराखेरीज खाट हे स्वतंत्र दुखणे आहे. रिचर्ड ॲशर या लंडनच्या डॉक्टरांनी १९४७ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये अंथरुणावर पडून राहण्याच्या धोक्यांवर लेख लिहिला. सूर मिस्कील होता, पण फुप्फुसे, शिरा, कातडी, सांधे, हाडे, आतडी आणि शेवटी मन अशी एकेकाची दुर्दशा त्यांनी क्रमाने दाखवली होती. विश्रांती हेच औषध मानण्याचा तो काळ होता. हृदयविकाराचा झटका आला की रुग्णाला आठवडेच्या आठवडे झोपवून ठेवत. पुढे १९६६ मध्ये अमेरिकेतल्या डॅलस शहरात विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर ठेवून त्यांची ताकद मोजली गेली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा बोलावले तेव्हा असे दिसले की श्रम करण्याची क्षमता त्या तीन आठवड्यांत जेवढी घसरली होती, तेवढी मधल्या तीस वर्षांच्या वयानेही घसरली नव्हती. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सरासरी ६७ वर्षे वयाच्या ११ धडधाकट माणसांनी दहा दिवस अंथरुणावर काढले आणि त्यांच्या नुसत्या पायांतले जवळजवळ एक किलो मांस गेले. हे सगळे निरोगी लोक होते. त्यांना ताप नव्हता, शस्त्रक्रिया नव्हती, अन्नावरची वासना उडालेली नव्हती. आजारी माणसाचे काय होत असेल याचा अंदाज यावरून करावा. आपल्याकडे त्यात आणखी एक भर पडते. आजाऱ्याला उठू न देणे ही आपली माया दाखवण्याची रीत आहे. पाण्याचा पेलाही हातात द्यायचा, संडासला निघाला तर बेडपॅन पुढे करायचे, भेटायला आलेल्या प्रत्येकाने 'तुम्ही पडून राहा हो' असे बजावायचे. यात प्रेम असते हे खरे, पण या प्रेमाने पाय जातात.

मनाचा भाग याहून गुंतागुंतीचा आहे, पण तोही नवा नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या शुश्रूषेवरच्या छोट्या पुस्तकाला आता एकशे साठ वर्षे उलटून गेली. त्यात आवाजावर एक प्रकरण आहे, तेच ते पाहून येणाऱ्या कंटाळ्यावर एक आहे, आणि उगाच धीर देत सल्ले वाटणाऱ्या भेटकऱ्यांवर एक अख्खे प्रकरण आहे. 'काही होत नाही, बरे व्हाल' असे म्हणणारा माणूस रुग्णाला एकटे पाडतो, कारण त्यानंतर रुग्णाला स्वतःची भीती बोलून दाखवता येत नाही, हे त्यांनी तेव्हाच ओळखले होते. शंभर वर्षांनी, १९५९ मध्ये, रसेल बार्टन या ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञाने मनोरुग्णालयांतल्या जुन्या रुग्णांच्या बधिरपणाला स्वतंत्र रोगाचे नाव दिले. खांदे पाडून चालणारा, कशातच रस नसणारा, सांगाल ते मुकाट ऐकणारा रुग्ण मूळ आजारामुळे तसा झाला असे मानले जाई. बार्टन यांचे म्हणणे असे की हा संस्थेने लावलेला आजार आहे. त्याची कारणे त्यांनी सांगितली ती अशी: बाहेरच्या जगाशी तुटलेला संबंध, लादलेला रिकामपणा, कर्मचाऱ्यांची हुकूमत, स्वतःच्या माणसांचा आणि वस्तूंचा वियोग, गुंगीची औषधे, वॉर्डातले वातावरण आणि बाहेर पडल्यावर काही उरलेच नसेल ही भावना. दोन वर्षांनी समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी वॉशिंग्टनच्या एका मोठ्या मनोरुग्णालयातल्या निरीक्षणांवरून जवळपास हेच दाखवले. हे मनोरुग्णालयांपुरते आहे असे समजण्याचे कारण नाही. मोडलेल्या मांडीला वजन बांधून सहा आठवडे पडलेला गवंडी, डायलिसिसच्या खेपांत अडकलेली शिक्षिका, शिवडीच्या क्षयरुग्णालयात औषधांना न जुमानणाऱ्या क्षयावर उपचार घेणारा तरुण, यांच्या बाबतीत ही यादी ताडून पाहावी. नावाऐवजी खाटेचा नंबर आला की यादीतल्या बऱ्याच गोष्टी आपोआप सुरू होतात.

म्हाताऱ्या माणसांत हे सगळे फार वेगाने घडते. चौथ्या-पाचव्या रात्री आजोबा बरळू लागतात, सलाईन उपसतात, मुलीला आई समजतात. घरचे म्हणतात वात झाला. डॉक्टर त्याला डिलिरियम म्हणतात. यावर शॅरन इनूये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी येल विद्यापीठाच्या रुग्णालयात केलेला आणि १९९९ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास मला या विषयातला सर्वांत बोलका वाटतो. सत्तरीच्या पुढचे ८५२ रुग्ण त्यांनी पाहिले. निम्म्यांना नेहमीची शुश्रूषा मिळाली, निम्म्यांना काही जास्तीच्या गोष्टी. नेहमीच्या गटात १५ टक्के रुग्णांना डिलिरियम झाला, दुसऱ्या गटात ९.९ टक्क्यांना. जास्तीच्या गोष्टी कोणत्या होत्या ते पाहण्यासारखे आहे. दिवस, वार आणि आपण कुठे आहोत याची रुग्णाला पुन्हा पुन्हा आठवण करून देणे. दिवसातून तीनदा चालवणे. झोपेच्या गोळीऐवजी रात्री गरम पेय, पाठीवरून हात, आवाज कमी. चष्मा आणि कानाचे यंत्र जवळ ठेवणे. पाणी पाजत राहणे. यातले काहीही औषधाच्या दुकानात मिळत नाही. त्याच अभ्यासात दुसरीही एक गोष्ट दिसली, तीही सांगायला हवी: डिलिरियम एकदा झाला की मग या उपायांनी त्याची तीव्रता कमी झाली नाही. म्हणजे हे सगळे पहिल्या दिवसापासून करायचे असते. बिघडल्यावर धावून उपयोग नसतो. येलमध्ये हे काम शिकवून तयार केलेल्या स्वयंसेवकांनी आणि कर्मचाऱ्यांनी केले. परळ-नागपूर-सोलापूरच्या वॉर्डांत ते करायला सून असते, मुलगा असतो, बहीण असते, आणि आपण एवढे महत्त्वाचे काम करत आहोत याची तिला कुणी कल्पना दिलेली नसते. चष्मा हरवेल म्हणून ती तो घरी ठेवून येते.

इथे पहिला आक्षेप येतो. परिस्थिती सगळ्यांची सारखीच, तरी एक जण हसत निभावतो आणि दुसरा खचतो, मग मनाच्या ताकदीला तुम्ही काहीच मोल देत नाही का? देतो, पण पुराव्याने दिले आहे तेवढेच. माणसामाणसांत फरक असतोच. मात्र रुग्णाच्या मनाला सावरण्यासाठी केलेल्या उपायांचा इतिहास फारसा भरवशाचा नाही. अतिदक्षता विभागातल्या रुग्णासाठी रोजनिशी लिहून ठेवण्याची कल्पना घ्या. शुद्ध हरपलेल्या दिवसांत काय घडले ते रुग्णाला नंतर वाचायला मिळावे, म्हणजे भयाण स्वप्नांची जागा खऱ्या आठवणी घेतील, असा त्यामागचा विचार. युरोपातल्या सहा देशांत झालेल्या अभ्यासात, जो २०१० साली प्रसिद्ध झाला, रोजनिशी मिळालेल्यांपैकी ५ टक्के आणि न मिळालेल्यांपैकी १३ टक्के लोकांना पुढे आघातोत्तर मानसिक त्रास झाला. उत्साह वाढला. पण २०१९ मध्ये फ्रान्समधल्या पस्तीस अतिदक्षता विभागांत झालेल्या मोठ्या चाचणीत फरक दिसला नाही. खिडकीची गोष्टही अशीच. रॉजर उलरिक यांनी १९८४ मध्ये पेन्सिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयातल्या पित्ताशयाच्या शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी ताडून पाहिल्या. खिडकीतून झाडे दिसणारे सरासरी ७.९६ दिवसांत घरी गेले, विटांची भिंत दिसणारे ८.७० दिवसांत, आणि झाडेवाल्यांना जालीम वेदनाशामके कमी लागली. अभ्यास छोटा आहे आणि त्याच्यावर मोठमोठे इमले बांधले गेले आहेत. तरी त्यातून निघणारा अर्थ माझ्या मुद्द्याच्या बाजूचाच आहे. खिडकी हा मनोधैर्याचा भाग नव्हे, बांधकामाचा आहे. खाट कुठे लावायची ते रुग्ण ठरवत नाही.

मग सोबतीच्या माणसाचे काय? पाश्चात्त्य देशांना ते परत मिळवण्यासाठी झगडावे लागले. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्लंडमध्ये दाखल केलेल्या मुलांना आईबापांनी आठवड्यातून एखाद-दोनदा भेटावे असा रिवाज होता. आई आली की मूल रडते आणि वॉर्डाची शिस्त बिघडते, हे कारण. जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२ मध्ये दोन वर्षांच्या एका मुलीच्या आठ दिवसांच्या मुक्कामाचा चित्रपट केला. तिचे हळूहळू गप्प होत जाणे पाहून डॉक्टर मंडळी आधी चिडली, मग विचारात पडली. १९५९ च्या प्लॅट समितीच्या अहवालाने आईला सोबत राहू द्यावे असे सुचवले, तरी ते सगळीकडे रुजायला आणखी कित्येक वर्षे गेली. याच सुमारास अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी उलट्या टोकाने सुरुवात केली होती. नातेवाइकांना त्यांनी आवारात तंबू ठोकून रुग्णाजवळ ठेवून घेतले. रुग्ण लवकर सुधारत, आणि घरच्यांना आजार कळल्यामुळे घरी परतल्यावर टिकत. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या मानसिक आरोग्य केंद्राने तर रुग्णासोबत घरचे माणूस राहिलेच पाहिजे ही पद्धतच करून टाकली. गडचिरोलीजवळ शोधग्राममध्ये राणी आणि अभय बंग यांनी रुग्णालय उभारताना गोंड गावासारख्या झोपड्या बांधल्या, कारण नातेवाइकांविना आदिवासी रुग्ण राहायलाच तयार नव्हता. हे प्रयोग चांगुलपणाचे म्हणून सांगितले जातात. त्यामागे रोखठोक वैद्यकीय तर्क होता, तो मात्र विसरला जातो.

हा तर्क सर्वांत स्पष्ट सिद्ध झाला तो नवजात बालकांच्या बाबतीत. भारतासह पाच देशांतल्या रुग्णालयांत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत एक ते १.८ किलो वजनाची ३,२११ बाळे होती. एका गटात बाळाला प्रकृती स्थिर होण्याची वाट न पाहता जन्मानंतर लगेच आईच्या छातीशी ठेवले, आणि त्यासाठी आईची खाटच नवजात अतिदक्षता विभागात आणली. दुसऱ्या गटात प्रचलित पद्धत होती: बाळ आत, आई बाहेर. अठ्ठावीस दिवसांत दुसऱ्या गटातली १५.७ टक्के बाळे दगावली, पहिल्यातली १२ टक्के. फरक इतका ठळक होता की चाचणी मुदतीआधी थांबवली. अर्थात दीड किलोचे बाळ आणि सत्तर वर्षांचे आजोबा यांची तुलना सरळ करता येत नाही, आईच्या छातीची ऊब आणि दूध यांना पर्याय नाही. पण सोबतीच्या माणसाला आत घ्यायचे तर आधी त्याच्यासाठी खाट हवी, जागा हवी, जेवण हवे, हे या चाचणीने दाखवले. आईला स्टुलावर बसवून ते आकडे आले नसते.

पुढची गोष्ट माझ्या म्हणण्याला थोडी अडचणीची आहे, म्हणूनच ती टाळता येणार नाही. नातेवाइकांवर भरवसा टाकण्याची एक मोठी भारतीय चाचणी अयशस्वी झाली. पक्षाघाताच्या रुग्णांच्या घरच्यांना रुग्णालयातच व्यायाम शिकवायचे आणि घरी गेल्यावर त्यांच्याकडूनच पुनर्वसन करून घ्यायचे, असा तो प्रयोग होता. चौदा रुग्णालये, १,२५० रुग्ण, निष्कर्ष २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये. सहा महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबित्वाचे प्रमाण दोन्ही गटांत ४७ टक्के निघाले. शिकवलेल्या नातेवाइकांनी काहीच फरक पडला नाही. यावरून सोबतीचे माणूस निरुपयोगी आहे असे म्हणता येईल का? मला वाटते, हा प्रयोग वेगळीच गोष्ट शिकवतो. चष्मा देणे, वार सांगणे, हात धरून शौचालयापर्यंत नेणे हे घरचे माणूस करू शकते. फिजिओथेरपिस्टचे काम ते करू शकत नाही, आणि त्याच्याकडून ते करून घेण्याचा मोह व्यवस्थेला होतो तो पैसे वाचवण्यासाठी. आपल्या सरकारी वॉर्डांत ही रेषा रोज ओलांडली जाते. स्ट्रेचर ढकलणे, रक्ताची बाटली आणायला जाणे, तपासणीचे नमुने प्रयोगशाळेत पोचवणे, लघवीची पिशवी रिकामी करणे, रात्री सलाईन संपले की सिस्टरना उठवणे. वॉर्डातले कामगार, म्हणजे मामा आणि मावशी, कमी पडतात म्हणून नातेवाईक हे सगळे करतो. या पळापळीत ज्या कामाला तो खरा उपयोगी, म्हणजे रुग्णाजवळ असणे, तेच राहून जाते.

आणि हे माणूस बहुतेक वेळा बाई असते, हेही स्पष्ट म्हणायला हवे. ती बिनपगारी राबते, रोजंदारी करत असेल तर रोज बुडवून. गावाहून आलेल्या कुटुंबाचा मुंबईतला मुक्काम आजारापेक्षा महाग पडतो. परळच्या टाटा रुग्णालयाबाहेर फुटपाथवर पथारी पसरलेली कुटुंबे मुंबईला नवी नाहीत. त्यांतल्या अनेकांचा रुग्ण कागदोपत्री दाखलही नसतो. केमोथेरपी दिवसा घेऊन संध्याकाळी बाहेर पाठवता येते, मग पुढच्या खेपेपर्यंतचे पंधरा-एकवीस दिवस शहरातच काढायचे. रुग्णालयातले दिवस कमी झाले असे आकडे सांगतील, पण तो मुक्काम वॉर्डातून उठून रस्त्यावर गेला एवढेच. गाडगेबाबांना हे फार आधी समजले होते. त्यांनी तीर्थक्षेत्री धर्मशाळा बांधल्या तशीच जे. जे. रुग्णालयाजवळ रुग्णांच्या नातेवाइकांसाठीही बांधली, आणि दादरची त्यांच्या नावाची धर्मशाळा आज कर्करुग्णांच्या कुटुंबांनी भरलेली असते. परळचे नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवा सदन आणि लहान मुलांसाठी सेंट जूडची केंद्रे त्याच वाटेवरची. हे दानधर्माचे काम आहे असे वाटत असेल तर टाटामधल्या बालकर्करोग विभागाचा अनुभव पाहावा. २००९ च्या सुमारास तिथल्या जवळपास पाचातल्या एका मुलाचे उपचार नाकारले जात किंवा अर्धवट सुटत. निवास, आहार, पैशांची मदत आणि समुपदेशन यांची एकत्र सोय लावल्यावर हे प्रमाण काही वर्षांत पाच टक्क्यांच्या आसपास आले. औषधे आधीही तीच होती. राहायला खोली नव्हती म्हणून ती पूर्ण घेतली जात नव्हती.

रुग्णालय चालवणाऱ्यांचे दोन आक्षेप यावर ठरलेले असतात: संसर्ग आणि गर्दी. संसर्गाची भीती रास्त आहे, पण पुरावा तिच्या बाजूने नाही. ब्राझीलमधल्या छत्तीस अतिदक्षता विभागांत नातेवाइकांना दिवसाकाठी बारा तासांपर्यंत आत राहू दिले आणि त्याची तुलना दीड तासाच्या जुन्या भेटवेळेशी केली. २०१९ मध्ये निष्कर्ष आले तेव्हा संसर्ग वाढलेला नव्हता. डिलिरियमही लक्षणीय कमी झाला नव्हता, हे इथे कबूल करायला हवे. नातेवाइकांची चिंता आणि खिन्नता मात्र स्पष्ट कमी झाली होती. म्हणजे नुसते माणूस जवळ बसवून भागत नाही, काय करायचे ते त्याला सांगावे लागते. बाळांच्या चाचणीत तर आई आत आल्याने जंतुसंसर्गाची शंका असलेली बाळे कमी झाली होती. गर्दीचा आक्षेप अधिक गंभीर आहे, कारण त्यामागे डॉक्टरांच्या डोक्यांना पडलेले टाके आहेत. महाराष्ट्रात २०१० पासून डॉक्टर आणि रुग्णालयांवरील हल्ल्यांविरुद्ध कायदा आहे, तरी मार्च २०१७ मध्ये धुळ्यात निवासी डॉक्टरवर झालेल्या हल्ल्यानंतर राज्यभरचे निवासी डॉक्टर काम थांबवून बसले. मग सुरक्षारक्षक आले आणि पासची पद्धत कडक झाली. ते आवश्यकच होते. पण हल्ला करणारा जमाव आणि वीस दिवस खाटेशी बसलेली बायको यांना एकाच दांडीने बाहेर हाकलणे हा त्यावरचा उपाय नाही. जमाव बहुधा माहिती न मिळाल्याने भडकतो. राउंड किती वाजता होणार, डॉक्टर कुणाशी बोलणार, हे ज्या वॉर्डात ठरलेले असते तिथे बातमी एका माणसामार्फत घरी जाते. कोविडच्या दोन वर्षांत सगळ्या नातेवाइकांना बाहेर ठेवून पाहिले. तेव्हा वॉर्ड शांत नव्हते. फोनवरून खबर मिळवण्यासाठी बाहेर कासावीस झालेली कुटुंबे होती, आणि आत पाण्याचा पेला पुढे करायला पीपीई किट घातलेले परके हात.

शेवटचा आक्षेप सर्वांत सुज्ञ आहे: दीर्घ मुक्काम निभावण्याची कला शिकवण्यापेक्षा मुक्कामच कमी करा. बरोबर आहे, आणि याचा उत्तम दाखला आपल्याच देशातला आहे. पाचगणीचे बेल-एअर, मिरजेचे वानलेस अशा आरोग्यधामांत क्षयरोगी महिनोन्‌महिने, कधी वर्षे काढत, त्या काळात मद्रासमध्ये १९३ रुग्णांवर चाचणी झाली. निम्मे आरोग्यधामात, चांगले जेवण, विश्रांती, परिचारिका. निम्मे आपापल्या दाटीवाटीच्या घरांत. औषधे दोघांना तीच. १९५९ साली निष्कर्ष आले: वर्षभरानंतर दोन्हीकडचे बरे होण्याचे प्रमाण जवळपास सारखे, आणि घरच्यांना जास्त लागणही झाली नाही. जगभरची क्षयरोग आरोग्यधामे ओस पडू लागली ती यानंतर. तेव्हा लवकर घरी पाठवणे चांगलेच. पण घरी पाठवल्याने काम संपत नाही, हात बदलतो. अमेरिकेत मेडिकेअरच्या वृद्ध रुग्णांपैकी जवळपास पाचवा हिस्सा सुट्टी मिळाल्यापासून तीस दिवसांत पुन्हा दाखल होतो, आणि बहुतेकदा मूळ आजारासाठी नव्हे. हार्लन क्रुमहोल्झ यांनी २०१३ मध्ये याची कारणे शोधताना मोडलेली झोप, उपासमार, गुंगी आणि पडून राहिल्याने आलेला अशक्तपणा यांच्याकडे बोट दाखवले, म्हणजे ॲशर यांनी सांगितलेल्या गोष्टींकडेच. आणि ज्यांना घरच नाही त्यांचे काय? ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांत बरे होऊनही वर्षानुवर्षे राहिलेली माणसे आहेत. न्यायला कुणी येत नाही एवढ्यासाठी कुणाला अडकवून ठेवता येणार नाही, असे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचे कलम १९ सांगते. भरत वाटवानी यांची कर्जतची श्रद्धा संस्था रस्त्यावरच्या मनोरुग्णांवर उपचार करून त्यांना देशभरातल्या त्यांच्या गावी पोचवते, आणि त्यासाठी त्यांना २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. जे काम पुरस्काराला पात्र ठरते ते शासनाच्या नेहमीच्या कामात कधी मोडणार, हे कायद्यात लिहिलेले नाही.

तेव्हा मागणी काय करायची? रुग्णाला चालवा, त्याला दिवस दाखवा, रात्री दिवे घालवा, चष्मा आणि दातांची कवळी जवळ ठेवा, हे तर आहेच. त्याला खर्च नाही, फक्त वॉर्डाच्या सवयी बदलाव्या लागतील. जागतिक आरोग्य संघटनेने वॉर्डात रात्री ३० डेसिबलपेक्षा जास्त आवाज नसावा असे म्हटले आहे. आपल्याकडे निदान रात्री दोन वाजता सगळे दिवे लावून चादरी बदलणे थांबावे. खर्चाची गोष्ट सोबतीच्या माणसाची आहे. केसपेपरवर त्याचे नाव असावे, खाटेशेजारी त्याला आडवे होता येईल अशी जागा असावी, पहिल्याच दिवशी एखाद्या सिस्टरने अर्धा तास देऊन कूस कशी बदलायची आणि केव्हा हाक मारायची हे सांगावे, नमुने पोचवायला त्याला पळवू नये, आणि मजुरी बुडत असेल तर ती भरून द्यावी. यातली शेवटची मागणी स्वप्नाळू वाटेल. ती तशी नाही. तीव्र कुपोषित बाळाला पोषण पुनर्वसन केंद्रात साधारण १४ दिवसांसाठी दाखल करतात, तेव्हा त्याच्या आईला तिथे राहायला खाट मिळते, जेवण मिळते आणि बुडीत मजुरीही दिली जाते. तरतूद सरकारचीच आहे, आणि बऱ्याच वर्षांपासूनची आहे.